तीनशे पासष्ट पायऱ्यांचा पंचनामा

४ जानेवारी, रविवार. सकाळी ७.१०
सूड. काल संध्याकाळपासून डोक्यात दुसरा शब्द नाही. ही वही त्यासाठीच. वही ऑफिसची आहे, पण काम तपासणीचं आहे, त्यामुळे गैरवापर म्हणता येणार नाही.

प्रकरण असं. काल साडूंनी, म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, परदेश दौऱ्याचे फोटो बघायला बोलावलं होतं. बोलावलं कसलं, कोंडलं. यांना मी या वहीत महाशय म्हणणार. महाशयांचं बाथरूमच्या फरशांचं दुकान. सहा दिवस जुनी शहरं आणि पडके राजवाडे बघून आले आणि एकदम इतिहासाचार्य झाले. चारशे बारा फोटो. मला घडीची खुर्ची, तीही खांबामागे. मला प्रत्येक फोटो अर्धा दिसायचा आणि त्या अर्ध्यात नेमके महाशय.

शेवटचा फोटो डोंगरावरच्या उद्ध्वस्त राजधानीचा. तीनशे पासष्ट पायऱ्या आहेत, म्हणाले. वर्षाचे जितके दिवस तितक्या, आणि आपण एका दमात चढलो. मी फक्त विचारलं, मोजल्या का? झालं! सगळ्यांसमोर म्हणाले, की आमचे साडूभाऊ म्हणजे घर ते ऑफिस आणि ऑफिस ते घर. यांना जग दाखवायचं तर जगालाच पत्ता देऊन यांच्याकडे पाठवावं लागेल.

हशा. मी मोजलं. महाशय आणि माझी स्वतःची कन्या धरून चौदा जण हसले. चौदावी ही. तोंडावर हात ठेवून, पण खांदे हलत होते. बाकीच्या तेरा जणांचं सोडा.

सकाळी ७.४०
मी वजनमापे खात्यात निरीक्षक. एकतीस वर्षं. किलोला पंधरा ग्रॅम मारणारे वाणी माझी पावलं ओळखून शटर ओढतात. आणि मला सांगतात ३६५! खरी मापं इतकी गोंडस नसतातच. गोंडस आकडा दिसला की समजावं, लबाडी आहे.

निर्णय: त्याच देशात जायचं. त्याच कंपनीची तीच सहल. एकेक पायरी मोजायची. एक मार्चला सासरेबुवांना ऐंशी वर्षं पूर्ण होतात, जेवण आमच्याकडे आहे, येणारी माणसं तीच. तिथे आकडा टाकायचा आणि महाशयांना तोंडघशी पाडायचं. मग बघू कोणाचे खांदे हलतात.

५ जानेवारी, सोमवार
हिला सांगितलं, की फेब्रुवारीत परदेशी जाऊ. हिला वाटलं, फिरायला नेतोय. डोळ्यांत पाणी आणलं. म्हणाली, लग्नाला सव्वीस वर्षं झाली, कधी बोलले नाही, पण लहानपणी शाळेच्या पुस्तकात अशा पडक्या शहराचं चित्र होतं, ते खरं बघायचं मनात होतं. मी बरं म्हटलं. खरं कारण सांगितलं नाही. मोहीम गुप्तच असावी लागते.

८ जानेवारी, गुरुवार
संकल्प: रोज पहाटे आपल्याच इमारतीचा जिना दहा वेळा चढायचा-उतरायचा. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. पायऱ्या ५४. एका मजल्याला अठरा, तीन मजले, चोपन्न. एकवीस वर्षं राहतोय, झोपेतून उठवून विचारा. दहा वेळा म्हणजे ५४०. तीनशे पासष्ट त्यापुढे किस झाड की पत्ती.

९ जानेवारी, शुक्रवार
दोन वेळा झालं. मग दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी बसायला स्टूल दिलं.

१० जानेवारी, शनिवार
गुडघे. शक्ती राखून ठेवणं हाही सरावच असतो. उद्यापासून तोच करायचा.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
बॅग भरली. तीस मीटरचा पोलादी टेप (खात्याचा, क्रमांक ११), भिंग, दोन पेनं, एक लाल, एक निळं. खात्याची उपकरणं बाहेरगावी न्यायची नाहीत असा नियम आहे. दर वर्षी कनिष्ठ निरीक्षकाला तो मीच वाचून दाखवतो. म्हणजे नियम मला माहीत आहे. माहीत असलेल्या माणसाने मोडला तर नुकसान होत नाही.

हिने शाळेतलं ते पुस्तक आईकडून शोधून आणलंय. बॅगेत ठेवू का विचारत होती. वजनाचं कारण सांगून काढायला लावलं. साडेतीनशे ग्रॅम होतं.

१४ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी ४
पोचलो. बस. गटात बावीस जण. आमचा टूर लीडर गळ्यात शिट्टी घालून फिरतो, दर पाच मिनिटांनी वाजवतो. नाव ठेवलं शिट्टी. बसमध्ये पुढची सीट धरायला गेलो तर एका गृहस्थाने आधीच पिशवी ठेवलेली. म्हटलं, माणूस कुठाय? म्हणे, पिशवी माझीच आहे, मी पण येतोय. चढला आणि शेजारच्या सीटवर बसला. पिशवी खिडकीत! मी मागच्या चाकावर.

सुडाची यादी उघडली.
१. महाशय
२. पिशवीवाले
३. शिट्टी (बघतच बसला)

ही एका दातांच्या डॉक्टरीणबाईंशेजारी बसली. बाई विधवा आहेत, एकट्या जग फिरतात. पहिल्या दहा मिनिटांतच दोघींच्या अशा गप्पा, की काय सांगू. दातांची माणसं समोरच्याचं तोंड उघडण्यात पटाईतच असतात.

संध्याकाळी ६
हॉटेल, खोली ३०६. पलंग सहा फूट म्हणून लिहिलंय. टेप लावला. पाच फूट साडेदहा इंच. रिसेप्शनवर जाऊन सांगितलं. तिथली मुलगी म्हणाली, सरांची उंची किती? पाच-चार, म्हटलं. मग नुसतीच हसली. यादीत घेणार होतो, पण तिची पाळी संपली होती.

१५ फेब्रुवारी, रविवार
पहिलं ऐतिहासिक शहर. अरुंद गल्ल्या, दगडी कमानी, म्हणे हजार वर्षांचा बाजार. शिट्टी सांगत होता. मी ऐकत नव्हतो, कारण एक सुके अंजीर विकणारा दिसला. जुना दांडीचा तराजू. डाव्या पारड्याखाली काहीतरी चिकटवल्यासारखं. तीन गिऱ्हाइकांना त्याने तसंच तोलून दिलं. एकतीस वर्षांची नजर आहे माझी!

मी सरळ जाऊन त्याचा हात धरला. खुणेने सांगितलं, पारडी रिकामी कर, आधी शून्य दाखव. आमच्या खात्याचा पहिला धडा तोच. काटा शून्यावर आहे का ते आधी बघा, मग जगाला चोर म्हणा. शेकडो कनिष्ठांना मी हे शिकवलंय. हिने तर घरात इतकं ऐकलंय की ती दूध उतू गेलं तरी म्हणते, शून्य तपासलं होतं का.

अंजीरवाला ओरडायला लागला. माणसं जमली. शिट्टी वाजत होती. शेवटी पारडी रिकामी केली. काटा बरोब्बर शून्यावर. चिकटलेलं म्हणजे अंजिराचं देठ, ते त्यानेच काढून दाखवलं.

उघड आहे, माझ्या धाकाने सुधारला. त्याने हिला मूठभर अंजीर फुकट दिले आणि माझ्याकडे बोट करून काहीतरी म्हणाला. आमच्या गटासोबतच्या दुभाष्याने सांगायचं टाळलं. या सगळ्यात पाऊण तास गेला आणि वस्तुसंग्रहालय बंद झालं. बसमध्ये कोणी बोलेना. माझ्यामुळे सगळ्या बाजाराचं भलं झालं, पण कुणाला पडलंय!

यादी: ४. अंजीरवाला.

१६ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी
दुसरं शहर. नदीकाठची जुनी तटबंदी. महाशय म्हणाले होते, तट इतका रुंद की वरून दोन बस शेजारी-शेजारी जातील. टेप लावला. चार मीटर दहा. दोन बस जाणार नाहीत! आनंदाने ओरडलो. ही नदीकडे बघत होती. मला हाक मारली, म्हणाली, पाण्यात त्या मोडक्या कमानी पूर्ण दिसतायत, वरची अर्धी आणि पाण्यातली अर्धी मिळून. टेपचं दुसरं टोक कोण धरणार, म्हटलं. आली बिचारी.

१७ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी ५
खांबांचा दरबार. गावाबाहेर आहे, मोठा घुमट, आत अंधार आणि गारवा. महाशयांचा आकडा ७२ खांब. मी एका कोपऱ्यातून सुरुवात केली. गट लांब, समोरच्या कोपऱ्यात शिट्टीभोवती उभा. बरंच झालं, एकांत मिळाला. मी मोजताना पुटपुटतो, त्याशिवाय जमत नाही. अधूनमधून मनातलंही बोलून घेतो, त्याने दम राहतो.

पुटपुटलो ते असं, आठवणीसाठी लिहून ठेवतो: एकोणीस, वीस, फरशीवाल्या, थांब तू, एकवीस, सगळ्यांसमोर नाक घासायला लावीन, बावीस, तेवीस, तेरा जण हसले त्याचं काही नाही, पण ही हसली, चोवीस, हिला काय वाटतं, मी नुसता भिंतीवरचं घड्याळ आहे, पंचवीस, हिलाही दाखवतो मी कोण आहे.

वळून बघतो तर समोरच्या कोपऱ्यात सगळे चिडीचूप. पिशवीवाले रुमाल तोंडात धरून उभे. डॉक्टरीणबाईंनी हिचा हात धरलेला. कशामुळे ते कळलं नाही.

परतताना शिट्टी मला मुद्दाम समजावत होता, की त्या दरबाराची करामत अशी, की एका कोपऱ्यात कुजबुजलं की समोरच्या कोपऱ्यात जसंच्या तसं ऐकू येतं. राजा तिथे उभा राहून दरबाऱ्यांच्या मनातलं ऐकायचा. आपण ते आज सगळ्यांना करून दाखवणार होतो, पण गरज पडली नाही, म्हणाला. मी म्हटलं, कामात होतो म्हणून मला ऐकता आलं नाही, उद्या सांगा.

बसमध्ये ही डॉक्टरीणबाईंना सोडून माझ्या शेजारी येऊन बसली, मागच्या चाकावर. हळूच काहीतरी विचारत होती. त्या दिवशी ताईकडे, असं सुरू झालं. मी तेव्हा ७१ की ७२ या घोळात होतो. हात करून थांबवलं. थांबली.

७१ लिहिलं. महाशयांची पहिली लबाडी नक्की. (आमच्या बस ड्रायव्हरचं म्हणणं, राहिलेला खांब म्हणजे मी टेकून उभा होतो तो. ड्रायव्हरला काय कळतं.)

१८ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ८
आज डोंगर. आज उद्ध्वस्त राजधानी. रात्री झोप नाही. खात्याची पद्धत: तीन वेळा माप घ्यायचं, मगच पंचनामा. म्हणजे चढताना एक, उतरताना दोन, परत चढताना तीन. गुडघ्यांना मलम लावलं. हिने नवी साडी नेसली आहे. डोंगरावर नवी साडी! बायकांना प्रसंगाचं गांभीर्य नसतं.

दुपारी ३.३०, पायथा
बसमधून उतरल्याबरोबर तिकिटाच्या खिडकीकडे निघालो. थोडी चढण आहे तिथपर्यंत. पिशवीवाले पुढे घुसत होते, त्यांना कोपराने अडवण्यात जरा लक्ष गेलं. खिडकीशी नंबर पहिला माझा! तिकीट हातात, लाल पेन हातात. इथून सुरुवात.

दुपारी ४.२०, वर
पहिलं माप ३३१. मध्ये हिने पाणी विचारलं, त्यात काही सुटल्या असाव्यात. वरच्या मोकळ्या जागेवर एक बाक आहे. ही तिथे बसली, शेजारी पर्स ठेवली आणि म्हणाली, बसा हो, सूर्य खाली जाईपर्यंत इथेच बसू, पाऊण-एक तास आहे. म्हटलं, आलोच.

दुपारी ४.५५, खाली
दुसरं माप ३५६. हे फारच. उतरताना एका म्हाताऱ्या बाईला वाट देताना मागे सरलो होतो. त्यातल्या काही दोनदा धरल्या गेल्या.

संध्याकाळी, वर
तिसरं माप. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवून, मोठ्याने आकडा म्हणून. लोक थांबून बघत होते. ३४९. तीनशे एकोणपन्नास! देवाशपथ यात चूक नाही. वरती एक दगडी पाटी आहे, छातीएवढी, तिरकी. वही टेकवायला नेमकी सोयीची. तिच्यावर वही ठेवून तिथल्या तिथे आकडा लिहिला, लाल पेनने, खाली दोन रेघा. सोळा पायऱ्यांची लबाडी!

बघतो तर सगळे उतरायला निघाले होते. ही बाकावर बसलेली. शेजारी पर्स अजून तशीच. झालं का, म्हणाली. झालं, म्हटलं. सूर्य गेला, म्हणाली. म्हटलं, उद्या परत येतोच की तो.

मग पायरीची उंचीही घेऊन टाकू म्हणून टेप काढला. दोन पहारेकरी आले. म्हणाले, पुराण्या दगडाला पोलाद लावायचं नाही. मी खात्याचं ओळखपत्र दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट बघितलं, मला परत दिलं आणि टेप ठेवून घेतला. पावती मागितली. एकाने सलाम केला.

उतरताना दहाव्या-बाराव्या पायरीवर गुडघ्यांनी जाहीर केलं, की आता आमच्याने होणार नाही. शेवटी त्याच दोन पहारेकऱ्यांनी काखेत हात घालून खाली आणलं. पिशवीवाल्यांनी व्हिडिओ काढला. बसमध्ये माझ्यासाठी पुढची सीट मोकळी केली. पिशवी उचलून! या मानाला मी पात्र होतोच, पण यादीतून नाव काढणार नाही.

यादी: ५ आणि ६. पहारेकरी.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
परतीचा प्रवास. सरासरी काढली: ३४५ आणि एक तृतीयांश. एक तृतीयांश पायरी कशी चढतात? सरासरी बाद. ३४९ कायम. माझ्या फोनमध्ये २१४ फोटो, सगळे पायऱ्यांचे. हिच्या फोनमध्ये काय आहे ठाऊक नाही. ही आणि डॉक्टरीणबाई काल बाकावरून काय काय दिसलं ते बोलत होत्या. मी डोळे मिटून सुडाचं भाषण रचत होतो.

२३ फेब्रुवारी, सोमवार. ऑफिस
टेबलावर मेमो. टेप क्रमांक ११ तात्काळ हजर करा. सही कनिष्ठ निरीक्षकाची. सोबत नियमाची प्रत, आणि त्याखाली माझंच अक्षर, गेल्या वर्षीचं: नियमाला अपवाद नाही. कानामागून आला आणि तिखट झाला. यादी: ७.

टेप नवा विकत घेऊन देतो म्हटलं. तो म्हणाला, क्रमांक ११ तोच हवा. मीच शिकवलंय असं.

२८ फेब्रुवारी, शनिवार
उद्या! भाषण पाठ. पहिलं वाक्य: आज मी आपल्यासमोर सोळा पायऱ्या घेऊन आलो आहे. मग थांबायचं. मग महाशयांकडे बघायचं. आरशासमोर सहा वेळा केलं. कन्या दारात उभी होती. म्हणाली, बाबा, सहलीत आवडलं काय ते पण सांगा ना लोकांना. मी म्हटलं, सोळा पायऱ्या. कन्येने टीव्हीला फोन जोडायचं काम घेतलंय. तिला म्हटलं, माझे २१४ लाव. ती म्हणाली, आईचे पण लावते, दहा-बाराच आहेत. असू देत. तोंडी लावायला.

१ मार्च, रविवार. सकाळी ११.१५
मंडळी यायला लागली. सासरेबुवा जिना चढून आले, ऐंशी वर्षांचा माणूस, न थांबता. बसल्याबरोबर म्हणाले, सत्तावन्न. डॉक्टरांनी पायऱ्या मोजायला सांगितल्यात म्हणे. म्हटलं, बाबा, चोपन्न. ते म्हणाले, असतील बुवा, आणि पाणी प्यायले. वय झालं की आकड्यांवरची पकड जाते. वाईट वाटलं.

महाशय आले. पांढरा शर्ट. मला मिठी मारून म्हणाले, काय साडूभाऊ, जग भेटलं का? हसून घ्या, म्हटलं मनात. जेवणानंतर तुमचा पत्ता विचारतो.

दुपारी ४
लिहावंसं वाटत नाही. पण पंचनामा अर्धा ठेवायचा नसतो.

जेवण झालं. उभा राहिलो. पहिलं वाक्य म्हटलं. थांबलो. महाशयांकडे बघितलं. मग आकडा टाकला: ३४९. तीन मापं, खात्याच्या पद्धतीने. गेल्या जानेवारीत याच कुटुंबात ३६५ हा आकडा सांगण्यात आला, तो खोटा आहे. एका दमात चढलो हेही तपासणीच्या बाहेर आहे, तरी संशयास्पद.

सगळे गप्प. एकदम झकास गप्प. सासूबाईंनी तर पानाचा डबा मिटला. ज्या क्षणासाठी दोन महिने घालवले तो हाच, असं वाटलं. हिच्याकडे बघायचं ठरवलं होतं. बघितलं. ही टीव्हीकडे बघत होती.

कन्येने आईचे फोटो सुरू केले होते. चौथा फोटो: मी. वही लिहितोय. तोंड उघडं, जीभ जरा बाहेर, चेहऱ्यावर काय तो आनंद. वही पाटीवर टेकवलेली. वहीच्या वर, पाटीवर, हाताएवढे कोरलेले आकडे: ३६५. जगात कुठेही वाचता येतील असे. आणि बरोबर त्यांच्या खाली, लाल अक्षरात, दोन रेघा मारून: ३४९.

हशा! असा हशा मी आमच्या घरात ऐकला नव्हता. सासरेबुवांना ठसका लागला. कन्येने फोटो मोठा केला. माझ्या पोटची पोर!

मी म्हटलं, पाट्या लिहिणारे काय, कोणीही काहीही लिहितं. मी मोजल्यात. तेव्हा महाशयांनी डोळे पुसले आणि अगदी आपुलकीने, हो, आपुलकीनेच, ते जास्त लागलं, विचारलं: साडूभाऊ, खिडकीच्या आधीच्या धरल्या का? बसमधून उतरल्यावर तिकिटाच्या खिडकीपर्यंत सोळा आहेत. मीही पहिल्यांदा विसरलो होतो. मग खाली येऊन परत मोजल्या.

परत मोजल्या! फरशा विकणाऱ्याने!

एकतीस वर्षं मी लोकांना सांगतोय, काटा आधी शून्यावर आहे का बघा. आणि माझाच काटा सोळावर उभा होता. हे इथे लिहिलंय, दुसरीकडे कुठे लिहिणार नाही.

हसणारे मोजले. सवय आहे. तेरा. परत मोजले, एवढ्या गोंधळातही. तेराच. चौदावी हसत नव्हती.

ती पुढचा फोटो बघत होती. कोणीतरी तिला विचारलं, वरून दिसतं काय गं नक्की? मग ती बोलायला लागली. म्हणाली, सगळं शहर खाली पसरलेलं असतं, छपरं नाहीत, नुसत्या भिंती कमरेएवढ्या. त्यामुळे वरून प्रत्येक घराच्या आत दिसतं. ही चूल, हा माठाचा खळगा, हा उंबरा, मधोमध झिजलेला. एका घराला दोन उंबरे होते. शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात ते घर होतं, तेच, मी ओळखलं. सूर्य खाली गेला तशा सगळ्या भिंतींच्या सावल्या लांब झाल्या आणि क्षणभर वाटलं, भिंती पुन्हा उंच झाल्या, आता माणसं घरी येतील.

महाशयसुद्धा म्हणाले, की हे मी बघितलंच नाही, मी फोटो काढत होतो.

सासूबाईंनी विचारलं, जावई कुठे होते? ही म्हणाली, येत होते. मी पर्स ठेवून जागा धरली होती. तीन-चार जणांनी विचारलं, इथे बसू का. मी सांगितलं, आमचे येतायत.

कोणी हसलं नाही. मी पाणी आणायला आत गेलो. त्या दिवशी हसली होती ते परवडलं, असं वाटलं.

२ मार्च, सोमवार. सकाळी ८.३०
घडलेलं नीट बघितलं तर फार काही बिघडलेलं नाही. ३४९ हा आकडा बरोबरच होता, फक्त खालून अपुरा होता.

टेबलावर ऑक्टोबरच्या सहलीचा फॉर्म. दुसरा देश, दुसरी पडकी शहरं. तीन नावं: ही, ताई, डॉक्टरीणबाई. चौथी ओळ रिकामी आहे. ही म्हणाली नाही, की भरा. मी भरली नाही. मी नाहीच म्हणणार होतो, ऑक्टोबरात खात्याची वार्षिक तपासणी असते.

दूध आणायला खाली उतरलो. सहज मोजल्या. मुद्दाम नाही. तिसऱ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत चोपन्न. बघा! मग इमारतीच्या दारातून रस्त्यावर उतरताना तीन. दगडी, जुन्या, मधोमध झिजलेल्या. एकवीस वर्षं रोज उतरतोय त्यांवरून.

यादी: ८. या तीन पायऱ्या बांधणारा गवंडी. हयात असल्यास.

सकाळी ९.२०
दूध घेऊन येताना खालच्या पायरीवर बसलो. गुडघे. ही भाजीला निघाली होती. म्हणाली, इथे काय करताय? म्हटलं, मोजतोय. ती म्हणाली, शून्य तपासलं होतं का, आणि गेली. रोजच्या सवयीने म्हणाली असेल.

मग काय वाटलं कोण जाणे, दुधाची पिशवी शेजारी ठेवली. जागा धरून. पेपरवाला आला, म्हणाला, साहेब, जरा टेकू का. म्हटलं, नको, इथे येतायत. ऑफिसला उशीर होत होता, तरी बसून राहिलो. वीस मिनिटं.

आली. घामाघूम. मी दुधाची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि जरा सरकलो. ती थांबली. जागेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग भाजीच्या दोन्ही पिशव्या त्या जागेवर ठेवल्या, म्हणाली, बरं झालं बसलायत, वर घेऊन या, आणि पुढे गेली.

दोन भाजीच्या, एक दुधाची. तिन्ही घेऊन चढलो. सत्तावन्न.